सावलीतील कॉफी आणि रानपाखरे

चेन्नईस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाचा चहाचा आग्रह फार काळ टिकत नाही. पितळी डवरा-टंबलरमधील फेसाळ फिल्टर कॉफी त्यास लवकरच जिंकून घेते. या पेयाचा रानपक्ष्यांशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानी येत नाही.

कॉफी हे मूळचे इथिओपियाच्या अरण्यातील, वृक्षछायेत वाढणारे झुडूप. भारतात ती आजही प्रामुख्याने सावलीतच पिकते. सालेमजवळच्या येरकाड डोंगरात १८२० च्या दशकापासून तिची लागवड होत आली आहे. ही सावली राखण्यामागे पक्षिप्रेमापेक्षा व्यवहार अधिक आहे. अरेबिका जातीचा मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याची मादी उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालते. सावली विरळ झाली की कीड फोफावते. शिवाय पानगळीचे खत मिळते आणि उतारावरील माती धरून राहते.

या व्यवहारात पक्ष्यांना आयताच निवारा लाभला. उंबर, जांभूळ, फणस अशा वृक्षांवर तांबट आणि धनेश फळे खातात, जुन्या खोडांच्या ढोलीत घरटी करतात; खाली पालापाचोळ्यात कस्तूर किडे टिपतो. कर्नाटकातील कॉफीमळ्यांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंगलावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांच्या ७९ जाती आढळल्या. पक्षीही ऋण फेडतात. फळ पोखरणारा भुंगेरा भारतात प्रथम १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात आढळला. जमैकात जाळी लावून पक्ष्यांना दूर ठेवलेल्या झुडपांवर याच भुंगेऱ्याचा उपद्रव अधिक दिसून आला.

लॅटिन अमेरिकेत १९७० नंतर अधिक उत्पादनासाठी अनेक मळ्यांतील सावली तोडण्यात आली आणि तेथे हिवाळा काढणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचा आसरा गेला. त्यातूनच पुढे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने ‘पक्षीस्नेही’ कॉफीचे प्रमाणपत्र सुरू केले. सेंद्रिय लागवड, किमान ४० टक्के छायाच्छादन आणि वृक्षांची विविधता या त्याच्या प्रमुख अटी आहेत.

आपल्याकडील धोका वेगळा, काहीसा फसवा आहे. येथे सावली राहते, पण वृक्ष बदलतात. ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक झपाट्याने वाढतो, त्यावर मिरीचा वेल चढतो आणि त्याचे लाकूड विकणे देशी वृक्षांच्या मानाने सुलभ असते. भाव पडलेल्या वर्षी हे लाकूड मळेवाल्यास तारते. त्याला दोष कसा द्यावा? परंतु या वृक्षास धनेशाच्या चोचीत पडेल असे रसाळ फळ नाही. आम्हा बँकवाल्यांना क्षेत्र, उत्पादन आणि तारण मोजण्याची सवय. शंभर वर्षांच्या उंबराची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे आमच्या कोष्टकात सापडत नाही.

पक्षिनिरीक्षणाची आवड असणाऱ्या वाचकांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येरकाडला अवश्य जावे. चेन्नईहून सालेमपर्यंत रेल्वे, पुढे घाटरस्ता. मळे खाजगी असल्याने परवानगी आधी घ्यावी. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. चालत राहण्यापेक्षा एका जागी उभे राहावे, कारण वटवट्या, निखार, कोतवाल यांचे मिश्र थवे एकदमच येतात आणि पाच-दहा मिनिटांत पुढे सरकतात. आधी शेंडे पाहावेत, मग खोडे, शेवटी जमीन. आणि कोणता पक्षी कोणत्या झाडावर बसला, हेही वहीत टिपून ठेवावे.