पुळण तापली तर कासवं काय करतील?

प्रश्न : वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली. हा जीव डायनासोरच्या काळापासून आहे म्हणतात. मग आताची तापमानवाढही तो निभावून नेईल ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : समुद्री कासवांचा वंश दहा कोटी वर्षांहून जुना आहे, हे खरंच. या काळात समुद्र कितीदा पुढे आले, मागे हटले, तरी कासवं टिकली. पण तेव्हाच्या बहुतेक बदलांना हजारो वर्षं लागली. आजचा बदल काही दशकांत घडतो आहे आणि हिरवं कासव वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं घेतं.

खरी मेख वाळूत आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबण्याच्या मधल्या टप्प्यात वाळू किती तापते यावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. वाळू बराच काळ ३४-३५ अंशांवर राहिली, तर पिल्लं अंड्यातच दगावू लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या प्रौढांत माद्या सुमारे ८७ टक्के होत्या, लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त! एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून काही काळ हे चालून जातं. उलट माद्या वाढल्याने घरटी वाढलेलीही दिसू शकतात. म्हणूनच नुसता घरट्यांचा आकडा पाहून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं.

शरीर इतक्या लवकर बदलत नाही, वागणं मात्र बदलतं. फ्लोरिडात १९८९ ते २००३ या काळात लॉगरहेड कासवांचा विणीचा हंगाम सुमारे दहा दिवस अलीकडे सरकला. भूमध्य समुद्रात हीच कासवं पूर्वी मुख्यतः ग्रीस, तुर्कस्तान, सायप्रसकडे अंडी घालत; आता स्पेन आणि इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरही त्यांची घरटी वाढत आहेत. मादी सहसा आपण जन्मलो त्याच भागात परतते. पण काही वाट चुकतात, आणि नवा किनारा सापडतो तो या चुकलेल्यांनाच.

आपल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, म्हणून सुरुवातीच्या घरट्यांना थंडीचा आधार मिळतो; उशिराची घरटी उन्हात सापडतात. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षणाचं काम सुरू केलं. आज कोकणात ठिकठिकाणी कासवमित्र अंडी हॅचरीत हलवतात. तिथे वाळूचं तापमान रोज मोजणं आणि गरजेप्रमाणे वर सावलीची जाळी बांधणं आपल्या हातात आहे.

किनारे मोकळे ठेवणं त्याहून अवघड. समुद्र वर चढेल तसं घरटंही मागे सरकायला हवं. पण मागे दगडी बंधारा असेल, तर मादी एकतर अंडी न घालताच परतते किंवा भरतीच्या पाण्यात बुडेल अशा जागी घालते. नवी जागा शोधायची तिची तयारी असली, तरी ती जागा शिल्लक असायला हवी.