लाल टिकली

“आमच्या आईकडे काळे डबे आहेत,” असं माझा मुलगा पाहुण्यांना सांगतो. चार आहेत. चारही थिंकपॅड लॅपटॉप, त्यांतला एक बंद, एक अर्धा चालू. साडीच्या दुकानात मला कुठलाही रंग चालतो, गाडी कुठल्या कंपनीची आहे हे मागची पाटी वाचून कळतं. पण गेली वीस वर्षं लॅपटॉप घ्यायचा म्हटला की माझं पाऊल एकाच दिशेला वळतं. हे असं का झालं, याचा हिशोब मांडायला बसले आहे. तुमचा डबा वेगळ्या रंगाचा असेल.

१. देखणेपण मला उशिरा कळतं. २००४ साली ऑफिसने थिंकपॅड टी-४२ हातात ठेवला तेव्हा मी हिरमुसले होते. बाजूच्या टेबलावरच्या मुलीला दुसऱ्या टीमचा चंदेरी, गोलाकार कडांचा लॅपटॉप मिळाला होता आणि माझ्यापुढे हा चौकोनी, काळा, दुखवट्याला आल्यासारखा. पुढे कधीतरी वाचलं की १९९२च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या थिंकपॅडचं, ७००सीचं, रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने ठरवलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे जपानी जेवणाचा डबा होता. बाहेरून साधी काळी पेटी, उघडली की आत नीट मांडलेले जिन्नस. डब्याची उपमा मराठी बाईला समजावून सांगावी लागत नाही. मी रोज तेच करत होते : बाहेरून पोचे गेलेलं स्टील, आत पोळीच्या घडीखाली लपवलेली मिरचीची चटणी. त्या दिवसापासून माझा लॅपटॉप मला बरा दिसू लागला. चंदेरीवाली मुलगी वर्षभरात नोकरी सोडून गेली, लॅपटॉपही तिच्याबरोबर विस्मरणात गेला.

२. जोर लावला की काम बिघडतं, हे मला कीबोर्डच्या मधोमध बसलेल्या लाल टिकलीने शिकवलं. कंपनीने तिला दिलेलं नाव ट्रॅकपॉइंट. आमच्या ऑफिसात सगळे टिकलीच म्हणायचे. ती जागची हलत नाही, बोटाचा दाब तेवढा ओळखते. पहिल्या आठवड्यात मी तिला अंगठ्याने रेटायची आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन आपटायचा. “मॅडम, डोअरबेल नाहीये ती,” असं शेजारचा मुलगा म्हणाला तेव्हा सुधारले. टेड सेल्कर या संशोधकाला ही टिकली सुचली त्यामागचा हिशोब मजेशीर आहे : कीबोर्डवरून हात उचलून माउसपर्यंत न्यायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, तो वाचवायचा. मी वीस वर्षांत किती पाऊण सेकंद वाचवले असतील देव जाणे. ते सगळे खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघण्यात खर्च झाले. इंग्रजी जी, एच आणि बी यांच्या मध्ये ती बसते. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीच्या हिशोबाने पहिला उकार, प आणि व यांच्या मध्ये. माझ्या बोटांना तिचा पत्ता मराठीतूनच पाठ आहे.

३. शहाणपण शिकवायला जाऊ नये, निदान वडिलांना तरी. अण्णा सरकारी कचेरीत टंकलेखक होते. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांना वेळ जावा म्हणून मी टी-४२ घरी आणून त्यांच्यापुढे उघडला आणि इनस्क्रिप्ट किती शास्त्रशुद्ध आहे यावर भाषण ठोकलं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, कचटतप कसं ओळीने लावलंय. अण्णांनी ऐकून घेतलं. मग ‘दिनांक’ लिहायला बसले आणि आधी वेलांटी मारली. पडद्यावर एक ठिपक्यांचं वर्तुळ उगवलं आणि वेलांटी त्याला लोंबकळत राहिली.

“हे काय?”

“अण्णा, आधी द, मग वेलांटी.”

“अगं, वेलांटी दला येऊन मिळते पुढून. कागदावर जे आधी दिसतं ते आधी मारायचं.”

“पण बोलताना तुम्ही द आधी म्हणता ना?”

“मी टाइप करतोय, बोलत नाहीये.”

चाळीस वर्षं कागद डावीकडे सरकताना पाहिलेल्या माणसाचं ते म्हणणं होतं आणि त्यात खोट काढता येत नव्हती. टाइपरायटरचा गाडा आपणहून मागे फिरत नाही. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीच उमटवावी लागते. त्यांनी आणखी दोन शब्द मारले, तेही इतक्या ताकदीने की पडदा थरथरला, आणि झाकण हलकेच मिटलं. “कळपट्टी चांगली आहे,” एवढं म्हणाले. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हातारी माणसं, बदल नको असतो त्यांना. हे वाक्य मला पुढे फार महागात पडणार होतं.

४. नावाचं सुतक दुपारच्या चहापर्यंतच टिकतं. २००४च्या डिसेंबरात बातमी आली की थिंकपॅड बनवणारी आयबीएम आपला पीसीचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला सव्वा अब्ज डॉलरला विकतेय. कॅन्टीनमध्ये कोणी गेल्यासारखी शांतता. “आता संपलं, चायना माल येणार,” असं मीच सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले. जागेवर येऊन लॅपटॉप उलटा केला. तळाच्या पट्टीवर आयबीएमच्या नावाखाली ‘मेड इन चायना’ आधीपासूनच छापलेलं होतं. रचना करणारे इंजिनिअर जपानातल्या यामातोच्या प्रयोगशाळेत होते, ते विक्रीनंतरही तिथेच राहिले. थोडक्यात, सातबाऱ्यावरचं नाव बदललं, शेत कसणारे तेच. कॅन्टीनमध्ये परत जाऊन हे सांगायचं धैर्य मात्र मला झालं नाही.

५. यंत्र कशासाठी आहे हे बनवणाऱ्याला पूर्ण ठाऊक नसतं. जुन्या थिंकपॅडच्या झाकणाच्या वरच्या कडेला एक बारीक दिवा असायचा, अंधारात कीबोर्ड दिसावा म्हणून. भारनियमनाच्या दिवसांत सासरी गावी गेले होते. वीज गेल्यावर मी ऐटीत दिवा लावला आणि ईमेल उघडला. सासूबाई सुई-दोरा घेऊन शेजारी आल्या, त्या उजेडात सुई धरली, एका झटक्यात दोरा ओवला आणि म्हणाल्या, “बरं आहे हो तुमचं मशीन.” नंतर तांदूळही निवडायला आणले. ईमेल राहिला.

६. फुशारकीची शिक्षा दुसऱ्यालाच होते. मी टी-६१च्या कीबोर्डवर अख्खा कप चहा सांडला, आल्याचा, दोन चमचे साखर घातलेला. कळांवर पडलेलं पाणी खाली वाहून जावं म्हणून त्याच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, हे मी कितीतरी लोकांना ऐकवलं होतं. ते अगदी खरं निघालं. मी घाईने तो बंद केला, बॅटरी काढली, दोन दिवस पंख्याखाली ठेवला, चालू झाला. वाहून कुठे जातं हे मात्र मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. चहा भोकांतून सरळ खाली, मुलाच्या भूगोलाच्या वहीत गेला. महाराष्ट्राचा नकाशा कोकणापासून विदर्भापर्यंत तपकिरी झाला. बाईंना चिठ्ठी मी लिहिली, लॅपटॉपवर टाइप करून.

७. आपले हात आपल्याला वाटतात तितके वाईट नसतात. शाळेत शिवणाच्या तासाला माझं काज कायम तिरकं यायचं, त्यामुळे हातकामात आपण ढ, हे मी मान्य करून टाकलं होतं. २०१४ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन मी एक जुना एक्स-२२० घेतला, साडेबारा इंची पडदा, मागून शेपटीसारखी बाहेर आलेली बॅटरी. त्याच्या कळा इतक्या झिजल्या होत्या की अ आणि ए ओळखू येत नव्हते. दुकानदाराने नवी कळपट्टी पिशवीत टाकली आणि म्हणाला, “ताई, घरी बसवा, कशाला आम्हाला पैसे देता?” या लॅपटॉपची दुरुस्तीची सबंध पुस्तिका कंपनी स्वतः फुकट देते; कुठला स्क्रू कितव्या पायरीला काढायचा, सगळं चित्रांसकट. तळाला स्क्रूंच्या शेजारी बारीक खुणा कोरलेल्या असतात : हा कळपट्टीचा, हा मेमरीचा. मी देवघरासमोर सतरंजी पसरली, स्क्रू पुस्तिकेच्या क्रमाने वाटीत ठेवले, जुनी कळपट्टी पडद्याकडे सरकवून उचलली, नवी बसवली. बटण दाबलं आणि तो जिवंत झाला तेव्हा मी चक्क एकटीच टाळ्या वाजवल्या. वाटीत एक स्क्रू उरला होता. तो अजून माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. एक्स-२२० त्याच्यावाचून चालला.

त्यानंतर मी घरातला मिक्सर उघडला. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

८. मी अण्णांची मुलगी आहे. २०१२मध्ये थिंकपॅडची सात ओळींची कळपट्टी गेली आणि सहा ओळींची, सुट्या सुट्या चपट्या कळांची आली. जुना एक्स-२२० मी त्या जुन्या कळांसाठीच शोधून घेतला होता. डिलीट कुठे गेलं, होम आणि एंड असे एका रांगेत का उभे केले, यावर मी लोकांना अडवून अडवून बोलायची. २०१७ साली, पंचविसाव्या वर्षी, कंपनीने माझ्यासारख्या रुसलेल्यांसाठी सात ओळींची एक खास आवृत्ती काढली. किंमत वाचून मी रुसवा तसाच ठेवला. अखेर टी-४८० घ्यावा लागला, सहा ओळींचा. मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, “आई, महिनाभरात सवय होईल.” मी झाकण मिटलं आणि माझ्याच तोंडून आलं, “पडदा चांगला आहे.” अण्णा तेव्हा नव्हते. असते तर हसले नसते, एवढं मला नक्की माहीत आहे.

सवय तीन आठवड्यांत झाली, हेही सांगायला हवं. चपट्या कळांवर मी जास्त वेगाने लिहिते. आधी ज्यांना अडवून बोलले होते त्यांना हे कळवलेलं नाही.

९. बोटं कंपनीपेक्षा हट्टी असतात. थिंकपॅडच्या डाव्या कोपऱ्यात एफएन आणि त्याच्या उजवीकडे कंट्रोल असायचं, बहुतेक इतर कीबोर्डांच्या उलट. त्यापायी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मी कायम हास्यास्पद ठरले; बँकेतल्या मुलीने एकदा मला कॉपी-पेस्ट शिकवलं. २०२४ साली नवा टी-१४ आला त्यात कंपनीने हार मानली आणि कंट्रोल कोपऱ्यात नेलं. पुढच्या वर्षी आलेल्या एक्स-९ मध्ये तर लाल टिकलीच नाही. मी टी-१४ घेतला, टिकली आहे म्हणून. पहिल्याच संध्याकाळी बायॉसमध्ये शिरून दोन्ही बटणांची कामं पुन्हा जुन्या जागी नेली. त्यामुळे कोपऱ्यातल्या कळेवर कंट्रोल छापलंय आणि ती एफएनचं काम करते. मुलगा कधी दोन मिनिटांसाठी लॅपटॉप मागतो आणि वैतागतो. त्याचा चंदेरी आहे.