धूर की धूळ? उपग्रहाच्या चित्रांवरून ओळख

फाल्गुन-चैत्रात जावळी, पाटण व शिराळा तालुक्यांतील डोंगरउतारांवर रात्री वणव्याच्या माळा दिसू लागतात. त्याच सुमारास खाली कृष्णाकाठी ऊस तुटून गेलेल्या शेतांत पाचट पेटविले जाते, तर पूर्वेस माण, आटपाडी, जत या भागांत दुपारच्या वाऱ्याने धुरळा उठतो. क्षितिजावरचा करडा पडदा यांपैकी कशाचा, हे गावातून पाहणाऱ्यास नेहमीच सांगता येत नाही. उपग्रहावरून ते पुष्कळ अंशी कळते. मात्र त्याचे चित्र वाचावयास शिकले पाहिजे.

आपल्या कामाचे उपग्रह दोन प्रकारचे आहेत. इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आकाशात स्थिर भासतात आणि दर अर्ध्या तासाने चित्र घेऊ शकतात. दुसरे उपग्रह बरेच खालून, ध्रुवांवरून फेऱ्या मारतात. त्यांपैकी ज्यांवर ‘व्हिअर्स’ हे उपकरण आहे, ते आपल्याकडे साधारणतः दुपारी व रात्री दीडच्या सुमारास येतात. पहिले वारंवार पाहतात पण ढोबळ पाहतात. त्यांच्या उष्णतेच्या चित्रातील एक ठिपका ४ किलोमीटर बाजूचा असतो. दुसरे क्वचित पाहतात, पण त्यांचा ठिपका ३७५ मीटरचा असतो.

लोहाराच्या भट्टीतील लोखंड लाल होण्यापूर्वीच त्याची धग दुरून लागते. ही धग म्हणजे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण होत. उपग्रह तेच मोजतो, व भोवतालच्या जमिनीहून फार अधिक धग आढळली की तेथे आगीची खूण करतो.

धूर व धूळ यांतील भेद मोठा मनोरंजक आहे. धुराचे कण अतिशय बारीक असल्याने अवरक्त किरण त्यांतून बहुतांशी पार जातात. म्हणून धूर दिवसाच्या चित्रात निळसर करडा दिसतो आणि रात्रीच्या चित्रात जवळजवळ नाहीसा होतो. धुळीचे कण जाड असतात. ते हे किरण अडवितात, त्यामुळे दाट धूळ रात्रीही सापडते. उलट दिवसा माणच्या उघड्या माळावर धूळ ओळखणे कठीण, कारण धूळ व जमीन एकाच रंगाची. समुद्रावर मात्र ती पिवळट पट्ट्यासारखी उठून दिसते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई व पुण्याचे आकाश ज्या धुळीने झाकोळले, ती पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून येत असताना उपग्रहांच्या चित्रांत दिसली होती.

सरकता धूर मोजावयाचा असेल, तर अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. धुराची कड १० किलोमीटर पुढे गेली असेल, तर वेग ताशी २० किलोमीटर झाला. पाटणच्या डोंगरातील धूर पश्चिमेच्या वाऱ्याने कराडकडे केव्हा येईल, याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो. परंतु चित्र वरून घेतलेले असते. धूर जमिनीलगत आहे की पुष्कळ वर, हे त्यातून नीट समजत नाही. तो गावावरून तसाच निघूनही जाईल.

आगीच्या ठिपक्याविषयी अधिक सावध राहावे. भारतीय वन सर्वेक्षण, डेहराडून, ही संस्था नोंदणी केलेल्यांस आगीच्या सूचना मोबाईलवर पाठविते. सूचनेत एक बिंदू दिलेला असतो. तो आगीची नेमकी जागा नव्हे, तर सुमारे ३५ एकरांच्या चौकोनाचा मध्य होय. आग डोंगराच्या पलीकडच्या अंगासही असू शकते. जंगलाच्या कडेस पाचट जळत असले, तरी खूण तशीच उमटते; केवळ तेवढ्यावरून कोणा शेतकऱ्यावर वणव्याचा आळ घेणे अन्यायाचे होईल. प्रथम जागेवर जाऊन पाहावे. शिवाय सायंकाळी पाच वाजता पेटवून अंधारापूर्वी विझलेले पाचट या फेऱ्यांत येतच नाही, आणि ढगांखालची आगही बहुधा निसटते. तेव्हा ठिपका नाही म्हणून आग नाही, असे समजून स्वस्थ बसू नये.

गवताच्या गंजी व गोठे ज्या वाड्यांलगत आहेत, तेथे उपग्रहाच्या फेरीची वाट पाहण्यास वेळ नसतो. ज्वाळा दिसताच वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. कळविताना गावाचे व डोंगराचे नाव, आगीची कड कोणत्या अंगास सरकत आहे आणि वारा कोठून वाहतो, एवढे अवश्य सांगावे.