जुना संगणक : दुरुस्ती की नवी खरेदी?

व्यापारी बंधूंनो, धोटा झिजला म्हणून कोणी माग भंगारात घालत नाही. पण सांगाडाच वाकला तर नवा धोटा काय कामाचा? घरच्या संगणकाचा हिशेबही असाच आहे.

आमचा संगणक २०१४ चा. उधारीची सारी खाती त्यावरच. तो चालू व्हायला दहा मिनिटे लागू लागली. प्रथम आम्ही सर्व हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर हार्ड डिस्क सतत १०० टक्के गुंतलेली. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली. संगणक धावू लागला. आम्ही खूश!

पण एक गोष्ट आम्ही आधी पाहिली नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. तो बदलायचा तर मदरबोर्डही बदला, आणि नव्या बोर्डावर जुनी डीडीआर३ रॅम चालत नाही. ही दुरुस्ती कसली? ही तर नवी खरेदीच!

शेवटी नवा संगणक घेतला. एसएसडी त्यात कामी आली, रॅमचे पैसे बुडाले.

तेव्हा खर्चाआधी प्रोसेसरची पिढी विचारा. आठवी किंवा पुढची असेल तर खुशाल दुरुस्ती करा. त्याआधीची असेल आणि बँक, जीएसटीचे काम त्यावर होत असेल, तर जुन्यात पैसा घालू नका.