मेथीचा दाणा आणि रोगजंतू

माणसाच्या आतड्यांतील रोगजंतू शेतातील पानावर किंवा कोरड्या दाण्यावर तग धरणार नाहीत, अशी आपली समजूत असते. ती पूर्णतः खरी नाही. उन्हाने पुष्कळ जंतू मरतात. परंतु सांडपाण्यातून वा कच्च्या शेणखतातून आलेले काही जंतू सूक्ष्म तंतूंनी पानास चिकटतात, पर्णरंध्रांत व चिरांत दडतात. नुसत्या धुण्याने ते सर्व निघत नाहीत.

मंदसौर-नीमचच्या मेथीशी परिचित असलेल्या आम्हां भोपाळकर व्यापाऱ्यांस २०११ सालची घटना बोधप्रद आहे. जर्मनीत कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत पोहोचला. कोरड्या दाण्यावर जंतू दीर्घकाळ निपचित राहतात. मोड येताना ऊब व ओल मिळताच झपाट्याने वाढतात.

माल पारखताना आम्ही रंग, वास व दाणा पाहतो. हा दोष मात्र पारखी डोळ्यांसही दिसत नाही. म्हणून गोदामात धान्य खत, ओल व उंदीर यांपासून दूर ठेवावे, पेरणीचे बी खाण्यासाठी विकू नये आणि घरी मोड नीट शिजवूनच वाढावेत. ग्राहकाचा विश्वास हेच आपले खरे भांडवल होय.