गंगासागर : तीर्थ आणि कांदळवन

गंगा जेथे समुद्रास मिळते, ते गंगासागर तीर्थ पश्चिम बंगालमधील सागर बेटावर आहे. कपिलमुनींच्या क्रोधाग्नीत भस्म झालेल्या सगरपुत्रांचा उद्धार भगीरथाने आणलेल्या गंगेने येथेच केला, अशी श्रद्धा आहे. मकरसंक्रांतीस लाखो भाविक संगमस्नान करून कपिलमुनींचे दर्शन घेतात.

कोलकात्याहून काकद्वीपजवळील लॉट क्र. ८ या धक्क्यावर यावे. तेथून बोटीने मुरीगंगा ओलांडून कचुबेरियास उतरल्यावर मंदिर सुमारे ३० कि.मी. अंतरावर आहे. नदीत गाळ साचल्याने ओहोटीस बोटी थांबतात. म्हणून भरतीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

हे बेट सुंदरबनच्या पश्चिम टोकाशी आहे. वाघ व मगरींचे अरण्य त्याच्या पूर्वेस असून, तेथील राष्ट्रीय उद्यान १९८७ साली जागतिक वारसा ठरले. वनखात्याच्या परवानगीने ते बोटीतून पाहता येते. मध गोळा करणारे हिंदू व मुसलमान दोघेही बोनबीबीस वंदन करूनच या अरण्यात पाऊल टाकतात.

कपिलमुनींची पूर्वीची मंदिरे समुद्राने गिळली. आजचे मंदिर १९७०च्या दशकातील असून लाटा त्याच्याही जवळ येत आहेत. कांदळवनाची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात. म्हणून भाविकांनी ही झाडे तोडू नयेत व प्लॅस्टिक पाण्यात टाकू नये. किनारा राहिला, तरच पुढील पिढ्यांना हे दर्शन घडेल. तीर्थाचे रक्षण हीदेखील सेवाच होय.