बिनधुराची चूल

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर भोसरी आणि चाकण ही कारखान्यांची ठिकाणे लागतात. तेथे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या भट्ट्या आहेत. भट्टीचा धूर कामगारांच्या तोंडावर येऊ नये, म्हणून तो धुराड्यावाटे उंच सोडला जातो.

याच परिसरातील खेड्यापाड्यांत दुसरी एक भट्टी पिढ्यान्‌पिढ्या पेटत आली आहे. ती म्हणजे घरची चूल. तिला मात्र धुराडे नव्हते.

जुन्या चुलीची रचना अगदी साधी. तीन बाजूंना मातीची भिंत, पुढे सरपण घालायला तोंड आणि शेजारी वैल. पहाटे गृहिणी चूल पेटवी आणि फुंकणीने फुंकर घालीत बसे. सरपण ओले असले की घर धुराने कोंदून जाई. तिचे डोळे चुरचुरत, खोकल्याची उबळ येई. तिच्या मांडीवरचे मूलही तोच धूर श्वासाबरोबर घेई. पण धुराशिवाय का कुठे स्वयंपाक होतो, असे म्हणून हे दुःख कोणी दुःख मानलेच नाही. आज आपल्याला या धुराची खरी किंमत कळली आहे. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

धूर होतो तरी कशाने? लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी उष्णता व हवा मिळाली, तर ते जळून जातात. ती मिळाली नाही, तर ते अर्धवट जळतात आणि काजळीसह बाहेर येतात. तोच धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच होय. डोंगरातून डोक्यावर आणलेल्या मोळीचा काही भाग असा कौलांतून निघून जाई.

हे ओळखून चूल सुधारण्याचा उद्योग महाराष्ट्रातच वर्धा येथे झाला. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे कार्यवाह होते. संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. तेथूनच १९४७ साली 'मगन चूल' पुढे आली. ती मातीचीच होती. परंतु तिच्यात एका जाळावर एकाहून अधिक भांडी बसत आणि धूर धुराड्यावाटे घराबाहेर जाई.

पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. त्या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवण्यात आल्या. मात्र त्यांपैकी पुष्कळशा लवकरच बंद पडल्या. कुठे धुराड्यात काजळी साचली आणि ते साफ कसे करावे हे कोणी शिकवले नव्हते. कुठे चुलीच्या लहान तोंडात घरचे जाडे सरपण जाईना. भाकरीचीही अडचण होती. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर शेकली, म्हणजे ती टम्म फुगते. नव्या चुलीत तेवढी जागा नसली, तर गृहिणी पुन्हा जुन्या चुलीकडे वळे. यात दोष तिचा नव्हता. चूल रचणाऱ्यांनी भाकरी थापणारीला आधी विचारायला हवे होते.

डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने हा धडा ध्यानात घेतला. दोन भांडी बसणारी, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल तिने प्रचारात आणली. गावोगावच्या कुंभारांना साच्यातून चुली घडवण्याचे शिक्षण दिले. चूल फुटली वा बिघडली, तर दुरुस्त करणारा माणूस अशा रीतीने जवळच मिळू लागला.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक गरीब घरांत गॅस आला. चहा, भाजी त्यावर झटपट होऊ लागली. तरीही सिलिंडरचे पैसे एकदम द्यावे लागतात आणि सरपण रानात मिळते. म्हणून कित्येक घरांत गॅसशेजारी चूलही पेटते.

अशा घरातील मुलांनाही पुष्कळ करता येईल. सरपण वाळवून बारीक फोडावे, राख रोज काढावी, धुराड्यातील काजळी वरचेवर मोठ्या माणसांकडून झाडून घ्यावी, चूल पेटताना दारे-खिडक्या उघडाव्या. घरात नवी चूल आणायची झाल्यास, ती कोणती असावी हे प्रथम आईला विचारावे. तिच्यापुढे रोज बसायचे असते ते आईलाच.

स्वाध्याय
१. 'धूर हे वाया गेलेले जळणच होय,' असे का म्हटले आहे?
२. सुधारित चुली बंद पडण्याची तीन कारणे सांगा.
३. कुंभारांना शिक्षण दिल्याने कोणता लाभ झाला?
४. वाक्यांत उपयोग करा : उबळ येणे, ध्यानात घेणे, हाती घेणे.
५. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या लहानपणच्या चुलीविषयी विचारा व दहा ओळी लिहा.